वखारीच्या काट्यावर अंगठी

९ फेब्रुवारी

टाचणी,

वर 'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही. लिहिलेलं नाही.

तू जाऊन सोळा दिवस झाले. घराची किल्ली पिठाच्या डब्यात टाकून गेलीस, ती काल सापडली, तीही मी डबा धुवायला काढला म्हणून. हा विनोद असेल तर मला हसू आलं नाही. तुझी शिवणाची मशीन पलंगाखाली ढकलून ठेवली आहे. टाचण्या मात्र अजून घरभर सापडताहेत. तुझं हे नाव मी लग्नानंतर चौथ्या दिवशी ठेवलं होतं, तुझी जीभ ऐकून. किती बरोबर ठेवलं होतं ते आता माझ्या तळपायांना विचार.

छटाकनं विचारलं, आई कुठं गेली. सात वर्षांच्या पोरीला काय सांगायचं? सांगितलं, आईला एक आजार आहे, बाहेरून दिसत नाही, पण आत असतो. ती म्हणाली, "मग तुम्हाला कसा दिसला?" पोरगी तुझ्यावर गेली आहे. मी म्हटलं, कागदावर दिसला.

कागदाची प्रत पुन्हा पाठवतो, तिसरी. ऑफिसच्या आरोग्य शिबिरात नवरा-बायको दोघांचं रक्त काढलं होतं, तेव्हा तूच हौसेनं आधी हात पुढं केलास. आता नीट वाच. हर्पीस, प्रकार दोन. तुझा आकडा १.४. खाली छापलंय: ०.९ च्या आत नाही, १.१ च्या वर आहे, मधलं अनिश्चित. माझा आकडा ०.२. माझीही प्रत जोडली आहे. झेरॉक्सवर पान जरा सरकलं म्हणून दोघांच्याही कागदांची वरची ओळ कापली गेली, पण कामाची ओळ आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला?

मला नाही आणि तुला आहे, तर ते माझ्याकडून आलेलं नाही. मग कुणाकडून, एवढंच मी विचारलं होतं. तुझ्या ताईच्या घरी, जेवायच्या ताटावर, साडूंच्या देखत विचारलं हे तुला लागलं. मला ताटाखाली लपवायचं काही नव्हतं, म्हणून सगळ्यांसमोर वाचलं.

रविवारी चार ते पाच, बागेतल्या पाण्याच्या टाकीशेजारच्या बाकावर तू छटाकला भेटू शकतेस. पापी घ्यायची नाही. तिच्या बाटलीतलं पाणी प्यायचं नाही. मी समोर उभा असेन.

छटाकचे बाबा

२ मार्च

टाचणी,

तुझं पत्र मिळालं. दोन वाक्यं. पहिलं: "मला आजपर्यंत एक तरी फोड, एक तरी पुळी आलेली तुम्ही पाहिली आहे का?" नाही पाहिली. म्हणूनच तर हा आजार पाताळयंत्री आहे.

दुसरं वाक्य तू जरा जास्तच हुशारीनं लिहिलंस. "तुमच्याच काट्यावर मला तोलायचं असेल, तर आधी पाटीवरचं किमान वजन वाचा."

अठरा वर्षं मी लोकांचे काटे तपासतो. दुकानांचे, वखारींचे, कारखान्यांचे. पितळी वजनं मखमलीच्या पेटीतून घेऊन जातो, बोटाचा डागसुद्धा लागू देत नाही, काटा खरा निघाला तर शिशाचं सील ठोकतो, खोटा निघाला तर दुकान बंद. पोर जन्मली तेव्हा दवाखान्याच्या काट्यावर भरवसा नव्हता म्हणून माझा काटा घेऊन गेलो, तिला तोललं आणि छटाक म्हणून हाक मारली. त्या मला तू काटा शिकवतेस? हो, प्रत्येक काट्याच्या पाटीवर कमाल आणि किमान असे दोन आकडे असतात, आणि किमानाच्या खाली काटा काय दाखवेल त्याला अर्थ नसतो. लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर अंगठी तोलू नये, हे नव्या लोकांना पहिल्या दिवशी मीच सांगतो. तू हे माझ्याच तोंडून ऐकलंस आणि माझ्यावरच फेकलंस. पण रक्त म्हणजे लाकूड नव्हे आणि तू अंगठी नव्हेस.

आता रविवारचं. तू हातमोजे घालून आलीस. कुणी सांगितलं होतं? मी फक्त पापीचं आणि बाटलीचं म्हटलं होतं. तुझ्या कापडकटाईच्या कारखान्यातले ते राखाडी मोजे घालून, मांडीवर पोरीचा अर्धवट टाचलेला फ्रॉक घेऊन बसलीस, तर आल्यागेल्याला वाटलं असेल कोण बिचारी. छटाक धावत आली आणि तुझ्या गळ्यात पडायच्या आत मी ओरडलो, हे खरं आहे. माळीसुद्धा वळून बघायला लागला, हेही खरं आहे. पोरगी जागच्या जागी थांबली. तू नुसती टाचण्या काढत बसलीस आणि एक-एक ओठांत धरत गेलीस, म्हणजे बोलावं लागू नये. तुझी ही खोड मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

परत येताना छटाकनं विचारलं, "आईच्या ओठांना लागलेल्या टाचण्यांनी फ्रॉक शिवला तर मला होईल का?" मी तो फ्रॉक उकळत्या पाण्यात घातला. आटला. तू नवा शिव.

छटाकचे बाबा

२३ मार्च

टाचणी,

मी परवा त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांच्याकडून दाखला हवा होता, की अशा बाईजवळ लहान मूल ठेवणं बरोबर नाही. वकिलानं सांगितलं होतं, असा कागद असला की काम सोपं होतं.

डॉक्टर बाई आहेत, साठीच्या, चष्मा कपाळावर. तुझा कागद बघितला, मग माझा मागितला. तो मी नेला नव्हता. मला विचारलं, तुम्ही काम काय करता? सांगितलं, तर हसल्या. का हसल्या कोण जाणे. दाखला मात्र त्या दिवशी दिला नाही, गर्दी फार होती.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की काळजी घ्यायला हवी. आणखीही बरंच बोलल्या. डॉक्टरांना बोलायची सवय असते, आणि ते सगळं लिहायची गरज नाही. तुला कळण्यासारखं एवढंच की लहान पोरांच्या बाबतीत धोका पत्करू नये. हे मी म्हणत नाही, विज्ञान म्हणतं.

ताईकडून कळलं की तू दुसऱ्या प्रकारची तपासणी करून घ्यायच्या विचारात आहेस, लांबच्या प्रयोगशाळेत. कर. पण आधीच सांगून ठेवतो, निकाल उलटा आला तर मी मानणार नाही. एक काटा नापास झाला की माणूस शेजारच्या दुकानातला काटा आणून दाखवतो, असले लोक मी रोज बघतो.

तुला खरंच पोरीची माया असेल तर तूच विचार कर. रविवारच्या एका तासासाठी तिच्या अंगाला जन्मभराचं काही चिकटवायचं का? मला उत्तर नको आहे. स्वतःला दे.

छटाकचे बाबा

१९ एप्रिल

टाचणी,

सही केलेला कागद वकिलाकडून मिळाला. छटाक माझ्याकडे राहील, तू भेटायला येणार नाहीस, आणि हे तुझ्या मर्जीनं. खाली तुझी सही, नेहमीसारखी उजवीकडे वर चढत गेलेली. वकील म्हणाला, बाई अजिबात भांडल्या नाहीत, फक्त एकदा विचारलं, "तिच्या तब्येतीसाठीच ना?" त्यानं हो म्हटलं. शहाणा माणूस आहे.

मागचे तीन रविवार तू आली नाहीसच. पहिल्या रविवारी छटाक बाकावर पाच वाजून गेल्यावरही बसून होती. दुसऱ्या रविवारी तिनं स्वतःच एका टोकाला बसून मधे जागा सोडली, आई आली तर लांब बसेल म्हणून. तिसऱ्या रविवारी म्हणाली, घरीच राहू या. पोरं लवकर शिकतात. आपणच उगाच त्यांना लहान समजतो.

आमचं बरं चाललं आहे. मला मागच्या आठवड्यात चार दिवस कणकण होती, ताप मोडल्यावर ओठाला नेहमीची ती पुळी आली. मिशीत लपते, त्यामुळे ऑफिसात कुणाला दिसत नाही. माझी आई म्हणायची, ताप ओठातून बाहेर पडला. पोरीला मी एकट्यानं वाढवतोय आणि काही कमी पडू देत नाही. रोज झोपताना दोन पाप्या घेतो. एक माझी, एक तुझ्या वाटणीची. तुझी जरा जोरात घेतो, म्हणजे ती तक्रार करत नाही.

मशीन विकू का, कळव. कळवलं नाहीस तर विकतो.

छटाकचे बाबा

३० एप्रिल

शेवटी केलंसच.

छटाकला कालपासून सणकून ताप आहे. हिरड्या सुजल्या आहेत, जिभेवर, ओठांवर, गालाच्या आतून नुसते फोड. पाणी गिळताना रडते. तोंड उघडायला सांगितलं की दोन्ही हातांनी झाकून घेते. मला कुणी सांगायची गरज नाही, कागद माझ्याकडे आहे. इंटरनेटवर फोटो बघितला. तेच आहे. तेच.

कधी केलंस? त्या रविवारी, मी घड्याळाकडे बघत होतो तेव्हा? का टाचण्यांवरून? मोजे घातले होतेस ना, मोठी सोवळ्याची! सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तशी तू पोरीचा मोह सोडू शकली नाहीस, आणि आता ती भोगते आहे. एका पापीसाठी. तुला सांगतो, ती तापात आई म्हणून हाक मारते आणि मग आपणच म्हणते, "नको, नको."

हे पत्र मी आत्ताच टाकतो आहे, डॉक्टरांकडे जायच्या आधी. तुला कळायला हवं. यापुढं आरशात बघशील तेव्हा हे आठव.

६ मे

टाचणी,

मागचं पत्र मिळालं असेल तर बाजूला ठेव. मिळालं नसेल तर फोडू नकोस. घाईत लिहिलं होतं, माणूस काळजीत असला की लिहितो. फाडून टाकलंस तर उत्तम.

छटाकचा ताप उतरला. काल थंड दूध प्यायली. फोड सुकताहेत, डाग राहणार नाहीत.

डॉक्टर त्याच, चष्मा कपाळावरच्या. त्यांनी बॅटरी घेऊन तिचं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, हा त्याचा भाऊ. प्रकार एक, तोंडाचा. बहुतेक माणसांना लहानपणीच घरातल्या कुणाकडून तरी मिळतो, आणि कित्येकांना कळतही नाही. तुझ्या कागदावरच्या प्रकार दोनशी याचा संबंध नाही. म्हणजे हे तुझ्याकडून आलेलं नसावं. शाळेत किती पोरं असतात, एकमेकांच्या बाटल्या तोंडाला लावतात. कोण कुणाचं बघणार.

तर मी विचार केला. झालं गेलं गंगेला मिळालं. मी मोठ्या मनानं सगळं सोडून द्यायला तयार आहे, तूही ताणू नयेस. कागद काय, वकिलाला सांगून फाडता येतो. मशीन मी विकलेली नाही. पलंगाखालून काढून पुसून ठेवली आहे. छटाकला फ्रॉक हवा आहे.

या रविवारी चार वाजता आम्ही बाकावर असू. मोजे घालू नकोस.

तुझा

२९ मे

टाचणी,

हे उघडं कार्ड आहे. अक्षर बारीक केलं आहे. लांबलं तर दुसरं कार्ड जोडून टाकेन.

सहा तारखेचं पाकीट ताईनं न फोडता परत पाठवलं. सोबत चिठ्ठी: "तीस तारखेचं पत्र वाचून ती दोन दिवस जेवली नाही. मग लांबच्या एका गणवेशांच्या कारखान्यात नोकरी धरली. तिथल्या वसतिगृहात लहान मुलांना मनाई आहे, म्हणून तिनं तेच निवडलं. तुमच्या अक्षरातलं एकही पाकीट ती फोडणार नाही, आणि मीही तिला पाठवणार नाही. तुम्हाला काही सांगायचंच असेल तर उघड्या कार्डावर लिहा. आमच्या ताटावर सगळ्यांसमोर वाचलं होतंत ना? आता टपालवाल्याला वाचू दे, तुमच्या साडूंना वाचू दे. आधी मी वाचेन, मग खरं असेल तर तिला फोनवर वाचून दाखवेन."

चिठ्ठीसोबत आणखी एक पाकीट होतं, प्रयोगशाळेचं, तुझ्या नावाचं, बंद. ताईनं लिहिलं आहे, तू दुसरी तपासणी करून घेतली होतीस, पण निकाल आला त्याच दिवशी माझं ते पत्र आलं. पोरीला झालंय म्हणजे आता बघायचं काय राहिलं, असं म्हणून तू तो उघडलाच नाहीस.

मी उघडला. तुला प्रकार दोन नाही. कधीच नव्हता. १.४ खोटा होता.

ताई, वाचत राहा. पुढचंही आहे.

झेरॉक्सवर पान सरकलं नव्हतं. वरची ओळ मी पट्टीनं झाकली होती. ती प्रकार एकची ओळ आहे. तिच्यावर माझा आकडा आहे ३८. तुझा त्याच ओळीवर २२ आहे, तो बहुधा माझ्याचकडून आलेला. ओठाची पुळी मला शाळेत असल्यापासून येते. ती काय असते हे मला शिबिराचा कागद आला त्या दिवशीच समजलं होतं, म्हणून पट्टी हातात घेतली. छटाकला जे झालं ते माझ्या पुळीमुळे झालं. डॉक्टरांनी माझी मिशी बाजूला सारून बघितलं आणि विचारलं, "पुळी ओली असताना पोरीची पापी घेतली होती का?" मी म्हटलं, रोज दोन.

मार्चमध्येही त्यांनी मला सगळं सांगितलं होतं. कसलंही लक्षण नसताना या आजारासाठी सहसा रक्त तपासतच नाहीत, कारण आकडा रेषेच्या जेमतेम वर असला तर तो पुष्कळदा खोटा निघतो, आणि पहिल्या ओळीचा आकडा मोठा असला तर कधी कधी दुसऱ्या ओळीचाही उगाचच थोडा वर दिसतो. दुसऱ्या पद्धतीनं तपासल्याशिवाय काहीही म्हणू नये. आणि खरा निघाला असता, तरी कधी झाला आणि कुणाकडून झाला हे रक्त सांगत नाही. तुझ्या मांडीवर बसून, तुझ्या हातचं खाऊन पोरीला काही होणार नव्हतं. माझा धंदा ऐकून त्या हसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "मग तुम्हाला तर हे मी समजावायलाच नको." मी तुला लिहिलं, विज्ञान म्हणतं धोका पत्करू नये. तुझी सही मी त्या वाक्यावर मिळवली.

तुझं दुसरं वाक्य मी वाचलं त्या दिवशीच मला पटलं होतं, हेही लिहितो. पण तोवर ताटावर बोलून झालं होतं, आणि माझा काटा चुकला असं म्हणायला मला अठरा वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

वकिलाकडचा कागद फाडला. छटाकला घेऊन तू म्हणशील तिथं येतो. तिला तिथं सोडून परत जा म्हणालीस तर तसं.

हे सगळं मी छटाकलाही सांगितलं, तिला कळेल अशा शब्दांत. तिनं ऐकून घेतलं. मग मी कार्ड तिच्यापुढं धरलं आणि म्हटलं, खाली आईसाठी एक पापी दे. ती मागं सरकली. म्हणाली, "नको. आईला होईल."

मी म्हटलं, नाही होत गं. फोड कधीच गेले. आणि कागदावरून तर मुळीच नाही होत.

ती म्हणाली, "आधी तुम्ही म्हणाला होतात, होतं."

मी तीनदा सांगितलं. तिनं तीनदा तेच उत्तर दिलं. मग उठून हात साबणानं धुतले, कोपरापर्यंत, पुसले, आणि कार्डाच्या अगदी कडेला शाईचा अंगठा उमटवला. खाली दिसतो आहे तो तिचा.